हिरव्या जाळीतला आंबा

मला काही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मग कुणी माझ्या डोळ्यांत पाणीबिणी शोधत बसायला नको. आमचे हे गेले तेव्हापासून असंच आहे. भूक लागली की जेवते, झोप आली की झोपते. सोसायटीच्या मीटिंगला जाते, पार्किंगवरून भांडतेसुद्धा. पण आत काही हलत नाही. दाताच्या डॉक्टरांकडून आल्यावर गाल कसा असतो, आपलाच असून आपला नसतो, तसं सगळं अंग झालंय.

बाराव्याला बायका माझ्या तोंडाकडे टक लावून बसल्या होत्या. मी विचारलं, अजून चहा घेणार का कुणी? झालं. उज्वला मास्तरीण म्हणजे दगड, असं गावभर झालं. होऊ दे. जन्मभर ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवली, तिथली पोरंही माझ्याबद्दल हेच म्हणायची.

ह्यांचं नाव शाळेच्या दाखल्यावर यशवंत, गावात बंडू आणि मला नुसतं 'अहो'. गाव साताऱ्याकडचं, वाईच्या पुढे. नोकरी बेलापूरला सरकारी ऑफिसात. रिटायर झाले आणि पुढच्याच मे महिन्यात एका सकाळी दाढी करता करता गेले. आदल्या संध्याकाळी रायवळ आंबा चोखून खाल्ला होता. धाकट्या दिरांनी, शहाजी भावजींनी, गावाहून पेटी पाठवली होती. रस पार कोपरापर्यंत ओघळला. लहान आहात का, म्हणून मी ओरडलेसुद्धा. कोय ताटलीत टाकून ताटली तशीच ओट्यावर ठेवली त्यांनी. स्वतःची ताटली उचलून विसळायची सवय त्या माणसाला जन्मात नव्हती.

ते गेले त्या दिवशी ॲम्ब्युलन्स गावाकडे निघाली. लोक खाली थांबले होते, मला हाका मारत होते. मी ओट्यावरची ती कोय उचलली आणि पर्समध्ये टाकली. का, ते विचारू नका. मला माहीत नाही.

आमच्या गावात आता राख नदीत सोडत नाहीत. तिसऱ्या दिवशी सावडायचं, आपल्याच शेतात खड्डा घ्यायचा, राख त्यात घालायची आणि वर झाड लावायचं, अशी पद्धत पडली आहे. चांगली पद्धत आहे. भावजी नर्सरीतून केशरचं कलम घेऊन आले होते. मी म्हटलं, नाही. पर्समधून कोय काढली. "ह्यांनी शेवटचं जे तोंडाला लावलं, त्याचंच झाड लागेल." भावकीत कुजबुज सुरू झाली. भावजींनी ती कोय हातात घेऊन उलटसुलट बघितली.

"वैनी, कोय आशी रानात लावली तर डुकरं ऱ्हाऊ द्यायची न्हाईत. तुमी कुंडीत रोप करा. वर्षश्राद्धाला घिऊन या. खड्ड्याची जागा म्या राखून ठिवतो."

राख खड्ड्यात गेली, वर माती ओढली. दोन चिमटी मी कागदात बांधून घेतली, कुंडीसाठी. दोनच, कारण राख अल्कधर्मी असते, जास्त झाली की कोवळी मुळं जळतात. अशा वेळी बाईला हे आठवतं, म्हणजे दगडच की नाही?

तर मला काम मिळालं. घणसोलीला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, त्याच्या हॉलच्या खिडकीला बाहेर काढलेलं ग्रिल, त्या ग्रिलमध्ये ती कुंडी. वर्षश्राद्धापर्यंत हे रोप जगवायचं, गावाला न्यायचं, त्यांच्या राखेवर लावायचं. एवढंच. बाकी जगात काय चाललंय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. पावसाळ्यात कोय फुटली. तेव्हाचं मला फारसं आठवतही नाही. दसऱ्याला मात्र हातभर रोप झालं होतं आणि चांगली दणकट पानं धरली होती. भावजींचा दर रविवारी फोन यायचा. इकडचं तिकडचं काही नाही, पहिला प्रश्न तोच.

"वैनी, रोप कसं हाय?"

"हिरवंगार आहे, भावजी."

"बास मग," म्हणायचे आणि ठेवायचे. ते माझ्याबद्दल विचारत नव्हते, हे मला फार बरं वाटायचं.

माझ्याबद्दल विचारणारी एकच, माझी मुलगी क्रांती. तिच्या वडिलांच्याच ऑफिसच्या मागच्या इमारतीत, बेलापूरला, कामाला आहे. ती आणि जावई सुयश नावड्याला राहतात. दर शनिवारी यायची. येताना भाजी आणायची, फ्रिज पुसायची, सगळ्या जगाच्या गप्पा मारायची. मेट्रोत कोण भेटलं, साहेब काय बोलले. हसायची पण भरपूर. मी आपली हं हं करायची. मला वाटायचं, बरं आहे, पोरगी सावरली.

दिवाळीनंतर सोसायटीचं रिपेअरिंग निघालं. इमारतीला चहूबाजूंनी परांची बांधली आणि वरून खालपर्यंत हिरवी जाळी सोडली. खालच्या मजल्यांवर धूळ फार येते, अशी कुणीतरी तक्रार केली, तर जाळी डबल केली. झालं, दिवसा घरात तळ्याच्या बुडाशी बसल्यासारखा उजेड. भिंती हिरव्या, चादरी हिरव्या, दुधाला सुद्धा हिरवट झाक. पहिले दोन दिवस लक्षात आलं, मग काहीच लक्षात येईनासं झालं. डोळ्यांचं असंच असतं, दोन दिवसांत कशालाही सरावतात. संक्रांतीपर्यंत काढतो, असं सेक्रेटरी रोहन म्हणाला होता. हा रोहन माझाच विद्यार्थी. बायोलॉजीत काठावर पास.

माझ्या खिडकीबाहेर परांचीवर कामगार उभे असायचे. खालून घमेलं निघायचं, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या हातातून तिसऱ्याच्या, वर वर जात शेवटी गवंड्यापाशी. मी ते बघत बसायची, कारण वर्गात मी हेच उदाहरण द्यायची. पानात हरितद्रव्याचे कण असे शेकड्यांनी उभे असतात, पोरांनो. उजेडाचं घमेलं कुणाच्याही हातात पडो, तो कण स्वतः काही करत नाही, शेजाऱ्याकडे सरकवतो. असं सरकत सरकत ते एका ठरावीक जागी पोचतं, आणि खरं काम तिथे सुरू होतं. तिथून पुढे साखर, लाकूड, फळ, तुम्ही, मी, सगळं. मग मी विचारायची, पान हिरवं का दिसतं? पहिल्या बाकावरची म्हणायची, कारण त्याला हिरवा रंग आवडतो. मी म्हणायची, वेडे, उलटं. लाल आणि निळा उजेड पान गिळतं. हिरव्यातला बराचसा टाकून देतं. आपल्याला दिसतं ते पानाचं उष्टं.

हे मी किती वेळा बोलले असेन. झोपेत उठवलं असतं तरी बोलले असते. आणि तीच मी, डबल हिरव्या जाळीच्या आत बसून, दर रविवारी फोनवर सांगत होते की रोप हिरवंगार आहे.

डिसेंबरात क्रांती कुंडीपाशी उभी राहून म्हणाली, "आई, मी नेऊ का हे माझ्याकडे? गच्चीत ऊन भरपूर आहे."

"एमआयडीसीचा धूरपण भरपूर आहे."

"अगं, तेवढा काही नाही."

"क्रांती, हे कुठेही जाणार नाही. ते माझ्यापाशी राहतील."

मी 'राहील' न म्हणता 'राहतील' म्हटलं, ते माझ्याही लक्षात आलं आणि तिच्याही. ती ओट्याकडे वळून भांडी विसळायला लागली. भांडी घासलेलीच होती.

संक्रांत आली, जाळी काही गेली नाही. त्याच सुमारास रोपाला शेंड्याशी नवीन फूट आली. एका सकाळी बघते तर काय, ती फूट काळी. काळी आणि मान टाकलेली, लुळी. अहो, आंब्याची पालवी तांबडी असते आणि सुरुवातीला लोंबती असते हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण ही तांबडी नव्हती ना. काळी होती. आणि काळं पडून लोंबणारी कोवळी पानं म्हणजे करपा, हे मी पुस्तकात शिकवलंय, परीक्षेला घातलंय. करपा शेंड्याकडून खाली उतरतो, म्हणून रोगट भाग ताबडतोब काढून टाकायचा. मी कात्री डेटॉलने पुसली आणि शेंडा उडवला. खालची पानं छान हिरवी दिसत होती, त्यांना लागण व्हायला नको एवढंच डोक्यात.

शेंडा कापला की बाजूचे डोळे फुटतात. होळीच्या आसपास दोन नवे फुटवे आले. तेही काळे. मी तेही उडवले. कुठल्याशा औषधाची फवारणी केली, पाणी कमी केलं, कुंडीची माती वरवर उकरली. रात्रंदिवस त्या कुंडीच्या मागे. क्रांती आली की तिला तेच सांगायची, रोग कुठून आला असेल, हवेतून की मातीतून. ती ऐकायची. एकदा म्हणाली, "आई, आपण दोघी एकदा बाहेर जेवायला जाऊ या का?" मी म्हटलं, "फवारणी करून हात घाण झालेत, आता कुठे जायचं?" ती बरं म्हणाली आणि लवकर निघून गेली.

पाडवा झाला. पुन्हा फूट आली, या वेळी तीन जागी, बारीक बारीक. पुन्हा काळी. मला राग आला. राग म्हणजे तरी काय, डोक्यात काहीतरी खट्ट झालं. म्हटलं, आता एकदाचा नमुना दाखवू या कुणाला तरी. गावठाणाच्या तोंडाशी खतं-बियाणांचं एक दुकान आहे, तिथे दाखवून चांगलं बुरशीनाशक घेऊ. तिन्ही फुटवे कापले, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळले, चपला घातल्या आणि खाली उतरले.

शनिवारची दुपार, डोक्यावर ऊन. जाळीखालून वाकून गेटबाहेर आले. कागद नीट गुंडाळला होता का बघावं म्हणून उघडला.

आत तांबडीलाल पालवी होती. काळी कुठेही नाही. तांब्याचं भांडं चिंचेने घासून ठेवावं तशी, मऊ, नखाएवढी पानं, एकावर एक डाग नाही. मी कागद उलटा केला. झटकला. काळं काहीतरी वेगळं आत राहिलंय का, ते बघितलं. मागे वळून आमच्या इमारतीकडे बघितलं, तर ती वरपासून खालपर्यंत हिरवी.

तांबड्या वस्तूवर तांबडा उजेड पडलाच नाही तर ती तांबडी दिसणार कशी? काळीच दिसणार. हे तर सातवीतलं पोरगंही सांगेल. ऊन कोवळ्या पानाला सोसत नाही म्हणून ते तो तांबडा रंग अंगावर घेऊन येतं, आणि त्याचं पोट भरतात जुनी पानं, कारण पालवी काही पहिल्या दिवसापासून कमावती नसते. म्हणजे त्या रोपाने उपाशी राहून, असेल नसेल ते गोळा करून, तीन वेळा नवीन पान काढलं. तीन वेळा मी ते डेटॉलच्या कात्रीने कापलं.

वर आले. कागद टेबलावर ठेवला. मग तीच कात्री घेतली, ग्रिलमधून हात बाहेर काढला आणि जाळी कापायला लागले. पहिला थर, मग दुसरा. चांगली दाराएवढी फाडली. खाली कुणीतरी ओरडलं. पाच मिनिटांत बेल वाजली, दारात रोहन.

"मॅडम, हे काय करताय? जाळी कापली तुम्ही?"

"हो. अजून कापायची आहे."

"मॅडम, वरून प्लास्टर पडतंय. कुणाच्या डोक्यात पडलं म्हणजे?"

"संक्रांतीला काढणार होतास ना? कुठली संक्रांत, ते नाही बोललास."

"कॉन्ट्रॅक्टरचा प्रॉब्लेम आहे मॅडम, मी काय करू? टेन्शन मलापण आहे."

"रोहन, पान हिरवं का दिसतं?"

तो बिचारा उगाच मान खाली घालून उभा राहिला, वर्गात राहायचा तसा. मला त्याची दया आली असं म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर दयाही आली नाही. "उद्या शिवून घ्यावी लागेल मॅडम," एवढं म्हणून तो गेला.

मी वळले. फाडलेल्या जाळीतून ऊन सरळ आत आलं होतं, पांढरं, धुतल्यासारखं. कुंडीवर पडलं होतं. आणि माझी हिरवीगार पानं पिवळी होती. एकूण एक. शिरा तेवढ्या कशाबशा हिरव्या, बाकी सगळं हळदीचं बोट लावल्यासारखं. कडा वाळलेल्या. हिरव्या उजेडात झाड अगदीच मरतं असं नाही, त्यातलाही थोडा ते वापरतं. पण इथे मुळात उजेड निम्म्याहून कमी, आणि जो होता तो बहुतेक उष्टा. ते रोप इतके महिने असं पिवळं होत चाललं होतं आणि मी रोज सकाळी त्याच्याकडे बघून म्हणत होते, छान आहे.

मी खुर्ची ओढून बसले. वाईट वाटलं का? नाही. वाटायला पाहिजे होतं. मी वाट बघत होते वाटायची.

तेवढ्यात कुलूप उघडून क्रांती आली. तिच्याकडे किल्ली असते. हातात भाजीची पिशवी, तोंडाची टकळी दारातूनच सुरू. "आई, आज मेट्रोत काय झालं माहितेय का..." आणि बोलत बोलत हॉलमध्ये, त्या उन्हात, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मी तिच्याकडे बघितलं. गालाची हाडं वर आलेली. डोळ्यांखाली काळं. कुर्त्याची बाही दंडावर नुसती लोंबत होती, आत दंड कुठे आहे ते शोधावं लागावं. कपाळाशी केस विरळ झालेले. ही माझी मुलगी होती आणि तिचा रंग त्या पानांसारखा होता.

"क्रांती, तू कधीपासून अशी दिसतेस?"

"कशी?"

"जेवतेस का तू?"

ती हसली. ते नेहमीचं हसू. मी दिवाळीपासून दर शनिवारी ते हसू बघत होते आणि पोरगी सावरली म्हणत होते.

"हसू नकोस. मी विचारतेय."

तिने पिशवी खाली ठेवली. "आता विचारतेस?" म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "मी दर शनिवारी येते आई. मी बोलते आणि तू त्या कुंडीकडे बघत बसतेस. तू मला करपा सांगतेस. फवारणी सांगतेस. मला रात्र रात्र झोप नाही, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, सुयशला सुट्टी घेऊन घरी थांबावं लागलं होतं मागच्या महिन्यात. तुला कधी सांगणार? तुला काही वाटतच नाही म्हणतेस." मग तिने कुंडीकडे बोट केलं. "पप्पा काय फक्त तुझे होते?"

मी उठले, तिचा हात धरला आणि तिला त्या उन्हातच खुर्चीवर बसवलं. आत जाऊन भात-आमटी गरम केली. ताट तिच्या हातात दिलं आणि समोर बसून राहिले. ती रडत रडत जेवली. मी ताटलीतलं मीठ तिच्याकडे सरकवत होते, तेवढंच मला येत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. भावजी. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जायचं होतं म्हणून एक दिवस आधीच केला होता.

"वैनी, रोप कसं हाय?"

मी रोपाकडे बघितलं. क्रांतीकडे बघितलं.

"बरं नाही भावजी. पिवळं पडलंय सगळं. नवीन फुटवे येत होते, ते रोग म्हणून मीच कापले. तीन वेळा."

पलीकडे कुठेतरी लांब ट्रॅक्टर चालू होता.

"तुमी तर हिरवंगार म्हणत हुता, वैनी."

"मला तसंच दिसत होतं."

"आन् पोर कशी हाय?"

इतक्या महिन्यांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं. की आधीही विचारलं असेल आणि मीच ऐकलं नसेल, देव जाणे. "तीही बरी नाही," मी म्हटलं.

"बरं. दोगी या. रोप जसं आसंल तसं घिऊन या. मेलं तरी आना. खड्ड्याची जागा म्या कुनाला देत न्हाय."

दुसऱ्या दिवशी परांचीवरून दोघे जण येऊन जाळी शिवून गेले. त्याआधीच क्रांती म्हणाली होती, "मी कुंडी नेते. आणि तू पण चल." मी बॅग भरली. नावड्यापर्यंत रिक्षात कुंडी तिच्या मांडीवर होती. रिक्षावाला खड्ड्यातून गेला की ती दोन्ही हातांनी धरायची, आणि मी तिला धरायची.

उपाशी पानांना एकदम कडक ऊन दाखवलं तर ती भाजतात. म्हणून आधी गच्चीच्या दारात, मग भिंतीच्या सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन, असं हळूहळू करायचं. क्रांतीचंही तेच. सकाळी एक पोळी, मग दीड. ती गोळी घेऊन झोपायची तेव्हा मी शेजारच्या गादीवर असायची. झोप लागली नाही की ती वडिलांचं काहीबाही बोलायची. त्यांना शिंक आली की सातच यायच्या, ते कसे भाजीवाल्याशी इंग्लिशमध्ये घासाघीस करायचे. मी ऐकायची. तिच्या बोलण्यात मला माझा नवरा दिसायचा, माझ्या डोक्यात मात्र नुसती ती ओट्यावरची कोयीची ताटली होती.

क्रांतीच्या तोंडावर जरा रंग यायला लागला. मी तिला रोज गच्चीत उजेडात नेऊन बघायची, खोलीतल्या दिव्यावर विश्वास नाही माझा. ती चिडायची, "आई, मी काय भाजी आहे का?" चिडली म्हणून मला बरं वाटायचं.

रोपाचं मात्र उलटं. एकेक पान गळायला लागलं. पिवळं पान सकाळी फरशीवर पडलेलं असायचं. नवीन डोळा नाही, फूट नाही. वर्षश्राद्ध आलं तेव्हा कुंडीत नुसती एक काडी उभी होती. बोटाएवढी जाड, करड्या सालीची, अगरबत्ती विझून राहते तशी.

निघायच्या दिवशी सुयश खाली गाडी काढत होता. मी गच्चीच्या दारात कुंडीसमोर बसले होते. कुंडीत त्यांची दोन चिमटी राख होती आणि वर एक काडी. मला माहीत होतं आता काय बघायचं ते. काडी जिवंत आहे की मेली हे कळायला साल नखाने जरा खरवडायची. मेली असेल तर आत तपकिरी, कोरडं. जिवंत असेल तर सालीखाली हिरवा पदर असतो. पानं नसली तरी तो पदर तेवढ्यापुरता उजेड धरत असतो. एवढं सोपं काम. पण माझं नख पुढे होईना. या डोळ्यांनी काय बघायचं? यांनी मेलेलं हिरवं बघितलं आणि जिवंत काळं.

"क्रांती," मी हाक मारली. "इकडे ये. हे तू कर."

ती माझ्याशेजारी उकिडवी बसली. मी सांगितलं तसं तिने अंगठ्याच्या नखाने हलकेच साल सोलली. दाराच्या पडद्याची सावली आमच्यावर पडली होती. ती वाकली, आणखी वाकली.

"आई, हिरवं आहे."

"नाही. असं नाही. उन्हात धर आधी. मग सांग."

तिने कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि गच्चीच्या मधोमध उन्हात नेऊन ठेवली. गुडघे टेकून बसली. मी दारातच उभी होते. तिने वर बघितलं नाही, नीट बघून घेतलं, वेळ लावला. मग म्हणाली, "हिरवंच आहे आई. ओलं हिरवं. पप्पा जिवंत..." आणि तिथेच थांबली. तिला रोप म्हणायचं होतं.

तेव्हा मी रडले. आवाज करून, गच्चीच्या दारात, शेजारच्या बिल्डिंगमधले लोक बघत असताना. क्रांती उठून आली आणि तिने मला धरून उन्हात नेलं.